कॅटफिश बरे हायत

"ताई, आधी ती बॅटरी बंद करा. घाबरतायत ते."

मी दवाखान्याच्या फरशीवर गुडघे टेकून, माशांच्या काचपेटीला नाक लावून आत झोत मारत होते. दचकून मागं पाहिलं. थेंब घातल्यानं डोळे मिटून बसलेल्या आपल्या मावशीला आधार देत एक उंच, सावळा मुलगा उभा होता. मी पाहिलं तसं त्यानं लगेच खाली पाहिलं.

२००३ ची गोष्ट. निमोण्याहून रोज एसटीनं मी शिरूरला यायचे, डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला. डॉक्टरबाईंनी हौसेनं चार कॅटफिश आणले होते. बोटाएवढे, मिशीवाले. दोन महिन्यांत दोन गेले. उरलेले दगडामागं असे दडले, की पेशंट विचारायचे, "पेटी रिकामी का ठेवलीय?" त्याच सकाळी डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "सीमा, महिनाभर बघू. नाहीतर तिथं टीव्ही ठेवते."

पण मी ठरवलं होतं... या दोघांना मरू द्यायचं नाही.

"तुम्हाला काय कळतं माशातलं?" मी विचारलं.

"दौंडला माशांच्या दुकानात असतो मी." तो शेजारी उकिडवा बसला. "हे खडे बघा, कसले धारदार हायत! ही जात तळाला तोंड लावून खाती. मिशा झडत्यात त्यांच्या. वर ही ट्यूब डोळ्यावर. लपायला धड जागा न्हाई. आन् दोघंच ठेवलेत... सहा तरी पायजेत."

"का?"

"एकट्या-दुकट्याला करमत न्हाई त्यांना," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

त्याचं नाव सम्राट. पुढच्या बुधवारी, दुकानाच्या सुट्टीला, तो भीमेची बारीक वाळू पिशवीत घेऊन हजर! मागच्या नळावर आम्ही ती धुवायला बसलो. एकाच बादलीत चार हात. बोटाला बोट लागलं, तसा त्यानं हात बाहेर काढला.

"झाली वाटतं धुऊन, ताई."

"न्हाई झाली. आन् ताई म्हणू नका."

"मग... काय म्हणू?"

"नाव हाय की मला."

तो हसला. पण नाव घ्यायला त्याला आणखी एक बुधवार लागला.

खडे काढून वाळू पसरली. फुटक्या मडक्याच्या कडा दगडावर घासून गुळगुळीत केल्या आणि ते आडवं ठेवलं. अर्ध्या ट्यूबला खाकी कागद लावला. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवूनच घालायचं, हे मी पाठ केलं. त्यानं चार सोबती आणले. तळाला बसणाऱ्या गोळ्या आणल्या. संध्याकाळी दिवा मालवूनच त्या टाकायच्या. काचेवर टिचकी मारणाऱ्या पेशंटला मी असं दटावायचे, की एक रिटायर्ड फौजदारसुद्धा हात मागं घेऊन बसले.

तरी आठ दिवस एकही मासा बाहेर आला नाही.

"सोडून देताय का नाद?" सम्राटनं विचारलं.

"तुम्ही देताय?"

"न्हाई."

"मग मी कशाला देऊ?"

त्याच संध्याकाळी मडक्यातून एक मिशी हलली. मग एक तोंड... आणि बघता बघता सहाच्या सहा वाळूत नाक खुपसत, एकमेकांना ढुशा देत फिरायला लागले. आम्ही श्वास रोखून बसलो होतो. सम्राट मासे बघत होता. मी त्याच्याकडं बघत होते.

डॉक्टरबाई खूश झाल्या. "पेटी राहू दे. सम्राट, आता तुला एवढ्या लांब यायची गरज नाही हं."

तो मान हलवून गेला. पुढचा बुधवार कोरडा गेला. त्याच्या पुढचाही. घरी आईनं माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली. मी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी रजा टाकून दौंडची एसटी पकडली.

दुकानात तो हातात जाळी घेऊन उभा होता. मला बघून घाबरलाच.

"कॅटफिश बरे हायत ना?"

"बरे हायत."

"मग पाणी—"

"पाणी बी बरं हाय. मीच बरी न्हाई."

"म्हंजी?"

"म्हंजी रविवारी मला बघायला पाव्हणे येणार हायत. ते तुम्ही असावं, असं मला वाटतं." मी दुकानाच्या दारातच उभी राहिले. "आता तुम्ही बोला. बोलल्याबिगर मी जायची न्हाई."

त्यानं जाळी या हातातून त्या हातात घेतली.

"एवढ्या लांबनं वाळू घेऊन... माणूस उगाच येतं व्हय?"

"मग बोलला का न्हाईत?"

"तवा तुम्ही न्हाई म्हणाला असता, तर बुधवारचं येणं पण गेलं असतं... मग बाईंनीच यायचं कारण काढून घेतलं."

मला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. त्यानं जाळी ठेवली, मालकांना विचारून अर्धा तास घेतला आणि मला थेट घरी नेलं. त्याचे वडील, ज्ञानदेव आप्पा, ओट्यावर पेपर वाचत बसले होते.

"आप्पा, ही सीमा. रविवारी निमोण्याला जायचं आपल्याला."

"कशाला रं?"

सम्राटनं या वेळी नजर खाली केली नाही. "हिला मागणी घालायला."

आप्पांनी पेपर बाजूला ठेवला. आळीपाळीनं आम्हा दोघांकडं पाहिलं.

"जाऊ की," ते म्हणाले. "पर आधी पोरीला पाणी दे. उन्हाची आलीय."