चार बोटं बर्फ

ओबरकार या डोंगरातल्या गावी गोठलेल्या तळ्यावर दर बुधवारी संध्याकाळी पाहुण्यांचा खेळ असे. दिवसभर उतारावर स्की करून अंग मोडून घेतलेली मंडळी आंघोळ उरकून, लोकरीच्या टोप्या चढवून तळ्यावर येत आणि कासियान त्यांना स्टॉक कसा सोडायचा ते शिकवी. स्टॉक म्हणजे लोखंडी कडं बसवलेली लाकडाची जड चकती, वर उभी मूठ. ती बर्फावरून सरकवायची आणि समोरच्या लहानशा ठोकळ्याजवळ न्यायची, एवढंच. पण एक पेला गरम वाइन पोटात गेली की एवढ्याशावरून माणसं हमरीतुमरीवर येतात.

"पाहुणे, वाका जरा कंबरेतून! नवरीसारखे लाजताय काय!" कासियान ओरडला. सगळे हसले.

काठावर वाइनची टपरी बुर्गलची होती. ती माणशी एकच पेला देई. दुसरा मागितला की म्हणे, "एक पुरे. जा, खेळ." गावातले लोक कुरकुरत, पण तिच्या तोंडावर कोणी बोलत नसे.

"कासियान, मिशांवर बर्फ जमलाय तुझ्या. अगदी म्हातारा दिसतोस," तिने त्याला पेला दिला.

"झालोच आहे म्हातारा," तो म्हणाला. तिच्या डोळ्यांत मात्र त्याने पाहिलं नाही. दोन वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं.

दोन हिवाळ्यांपूर्वी तिचा नवरा रोमेद याच तळ्यात बुडाला. गावातल्या पुरुषांचा सामना होता आणि कासियान म्होरक्या होता. ओढा येऊन मिळतो त्या अंगाला बर्फ कच्चा राहतो, म्हणून तिथे पाइनच्या फांद्या रोवून हद्द आखतात. "चार पेले श्नाप्स झाले होते त्याचे. झिंगला होता. मी नको म्हणत असताना फांद्यांपलीकडे गेला," असं कासियानने पोलिसांना सांगितलं, पाद्रीबुवांना सांगितलं आणि बुर्गललाही सांगितलं. चौथा पेला बुर्गलनेच भरला होता. खोटं बोलायला त्याला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. ती लाज त्याला आतून कुरतडत होती.

आठाच्या सुमारास पाहुणे बारकडे पांगले. तिथल्या गाण्यांचा ढमढमाट तळ्यापर्यंत येत होता. कासियान स्टॉक गोळा करून घसरगाडीत ठेवत होता, तेवढ्यात फांद्यांच्या दिशेने आवाज आला. घर्रर्र… बर्फावरून काहीतरी जड सरकत येत होतं.

अंधारातून एक स्टॉक आला. हळूहळू मंदावला आणि ठोकळ्याला अलगद टेकून थांबला.

कोणी पाहुणा मागे राहिला असेल म्हणून कासियानने कंदील उंच धरला. माणूस नव्हता. फांद्यांपलीकडे दुपारी पडलेला ताजा बर्फ होता आणि त्यावर पावलाची एकही खूण नव्हती. स्टॉकच्या मुठीवर कासियानचंच नाव डागलेलं होतं. रोमेद दुसऱ्या दिवशी सापडला होता. हा स्टॉक मात्र तळ्यातच राहिला होता.

"कोण खेळतंय रे अजून?" बुर्गलने टपरीतून विचारलं.

"कोणी नाही… बर्फ तडकला."

"बर्फ असा नाही तडकत." ती हात पुसत काठावर आली. अंधाराकडे बघत हळूच म्हणाली, "माझंच चुकलं बघ. तो चौथा पेला भरला नसता तर…"

आता नाही बोललो तर आपण माणूस नव्हे, असं त्याला वाटलं.

"तो झिंगला नव्हता, बुर्गल."

ती वळली.

"मी पाठवलं त्याला. माझा स्टॉक पलीकडे गेला होता. मीच म्हणालो, जा, आण. सकाळी फांद्यांजवळ भोक पाडून पाहिलं होतं मी… चार बोटं बर्फ होता फक्त. फांद्या आत घेतल्या असत्या तर खेळायला जागा उरली नसती, सामना रद्द झाला असता."

"चार बोटं." हातातल्या फडक्याची तिने घडी घातली, मग आणखी एक. "आणि तुला माहीत होतं."

"होतं."

"जाताना काही म्हणाला तो?"

"म्हणाला… 'धरेल ना रे?' मी म्हणालो, 'धरेल.'"

ती मारेल, निदान शिव्या तरी देईल, असं त्याला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती शांतपणे टपरीत गेली आणि दिवा विझवला.

"दर बुधवारी येतो तो," ती अंधारातून म्हणाली. "मी घरी गेले की दार वाजवतो. मी पांघरूण डोक्यावर घेऊन पडते… वाटायचं, माझ्यावर रागावलाय." तिचा आवाज इतका मोकळा त्याने दोन वर्षांत ऐकला नव्हता. "आज उघडते दार. तू गेल्या वर्षी शाळेमागे राहायला गेलास ना… ते त्याला माहीत नसेल. सांगते."

कासियान घरी आला. हात कडीकडे गेला, पण त्याने कडी लावली नाही. येऊ दे, असं त्याला मनापासून वाटलं. आणि मनापासून भीतीही वाटली. तो दाराकडे तोंड करून खुर्चीत बसला.

बारमधली गाणी थांबली. बाहेर उणे अठरा होतं; अशा थंडीत पागोळ्यासुद्धा गळत नाहीत. बऱ्याच वेळाने पायऱ्यांवर कोणीतरी येऊन उभं राहिलं. दार वाजलं नाही. फक्त दाराबाहेरच्या फळीवर पाणी टपटपत होतं, आणि ते उंबऱ्याखालून आत येत होतं.