बिनमिठाचा मासा

रविवारी चर्च सुटलं की अर्धं किंग्स्टन शहर आमच्या किनाऱ्यावर मासे खायला येतं. बायकांच्या डोक्यावर चर्चच्या टोप्या तशाच असतात, पोरं बूट फेकून पाण्याकडे पळतात आणि माझ्या बर्फाच्या खोक्याभोवती झुंबड उडते. मी मासा उचलून दाखवते, गिऱ्हाईक मान हलवतं, मासा कढईत जातो. वर व्हिनेगरात मुरलेले कांदे आणि जहाल मिरच्या, बाजूला मक्याच्या पिठाचे गोडसर, तळलेले वडे, म्हणजे फेस्टिव्हल. माझी आई आयसिल्डा हेच करायची. ती गेल्यापासून मी करते, आणि तिच्यापेक्षा बरं करते. ती असताना हे बोलायची माझी छाती नव्हती.

पूर्वी इथे खोपटांची रांग होती. समुद्राने एकेक करून गिळली. आता दोनच उरली होती, बर्चेलकाकांचं आणि माझं. सरकारी माणसं म्हणतात, बाहेरचे पोवळ्याचे खडक मेले म्हणून लाटा आत येतात. मला ते पटतं. किनाऱ्यावरचे लोक मात्र वेगळंच सांगतात. म्हणे, खोपट जायच्या आधी एक गिऱ्हाईक येतं आणि बिनमिठाचा मासा मागतं. तो मुकाट्याने द्यायचा आणि त्याच आठवड्यात छपराचे पत्रे उतरवून निघायचं. मेलेली माणसं मीठ खात नाहीत हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पोटात मीठ गेलं की डपी, म्हणजे मेलेल्याचं भूत, जड होतो, आला तिथे त्याला परत जाता येत नाही. म्हणून आई रोज पहिला मासा मीठ न लावता बाजूला ठेवायची. ती गेल्यावर मी ते बंद केलं. चांगला मासा फुकट का घालवायचा?

त्या रविवारी ऊन नुसतं रणरणत होतं. रांगेत एक माणूस उभा होता. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा, गुडघ्यापर्यंत ओली विजार. सगळे घामाने निथळत होते आणि याचं कपाळ कोरडं. त्याच्या मागची बाई दोन पावलं मागे सरली. मग तिने नवऱ्यालाही बाहीला धरून मागे ओढलं.

"काय देऊ?" मी विचारलं.

"एक मासा. मीठ नको."

शेजारी बर्चेलकाकांची सुरी थांबली. हात पुसत ते माझ्याजवळ आले. "व्हर्लिन, दे त्याला आणि गप्प राहा. पत्रे काढायला मी येतो उद्या."

"तुमचे काढा. माझ्या पत्र्यांना हात तर लावून बघा!"

"पोरी, समुद्राशी भांडण उकरू नकोस."

"मी उकरलं? तो आलाय माझ्या दारात!"

माझं डोकं फिरलं होतं. हे खोपट गेलं तर मी जायचं कुठे? शहरात, बहिणीच्या स्वयंपाकघरात, तिच्या नवऱ्याचं वाकडं तोंड बघत तुकडे मोडायला? दोन वादळांत हे खोपट भुईसपाट झालं आणि दोन्ही वेळा आईने ते पुन्हा उभं केलं. मला या वाळूशिवाय दुसरं काही नाही, आणि नकोही.

मासे तर सगळे सकाळीच चिरा देऊन मिठात घोळवलेले होते. एखादा धुऊन देता आला असता. मी सगळ्यात मोठा स्नॅपर उचलला आणि त्या माणसासमोर चिरांमध्ये आणखी मूठभर मीठ चोळलं.

"माझ्याकडे मासा असाच मिळतो. खायचा तर खा, नाहीतर वाट धर."

तो चिडला नाही. पानात मासा घेऊन बाकावर बसला आणि काट्यांसकट खाऊ लागला. कढईतलं तेल तेवढं तडतडत होतं.

बोटं चाटून झाल्यावर तो उठायला गेला. त्याला उठता येईना. बाकाचे पाय वाळूत रुतले होते. काकांनी आणि आणखी तिघांनी त्याच्या काखेत हात घालून जोर लावला. तो तसूभरही हलला नाही.

संध्याकाळी भरती आली. पाणी त्याच्या टाचांपर्यंत पोहोचलं, थांबलं आणि मागे फिरलं.

त्याच आठवड्यात काकांचं खोपट गेलं. ते माझ्याशी एक शब्द न बोलता निघून गेले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण माझं उभं होतं. मी पाण्यात जाऊन समुद्राला झारा दाखवला. "ये की आता!"

तो बाकावरच होता. एका सकाळी त्याने खोक्यात हात घालून मासा घेतला आणि खवलं काढायला लागला. हात सफाईदार होता. म्हटलं, बसलाच आहे तर करू दे. मी त्याला रोज खारट मासा देत होते. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. मग तो घामेजू लागला, आणि माझं कपाळ कोरडं पडू लागलं.

मग तो उठला. कढईजवळ येऊन उभा राहिला आणि मी बाजूला सरकले. का सरकले, कोण जाणे.

त्यानंतर मी मासा उचलून दाखवला की कुणी मान हलवेना. त्याने दाखवला की हलवत.

मी मोठ्याने बोलू लागले. माझा आवाज मुळात काही नाजूक नाही.

काल टोपी घातलेली एक बाई फेस्टिव्हलचा शेवटचा तुकडा तोंडात टाकत त्याला म्हणाली, "झकास होता हो मासा! खोपट कुणाचं हे?"

"माझं!" मी झारा कढईवर आपटला. "माझं आहे, आणि मी इथून हलणार नाही!"

बाई त्याच्याकडेच बघत उत्तराची वाट पाहत राहिली.