लाटेचा उतार

वृंदा मगदूमच्या मनगटावरचा दिवा पुन्हा लाल झाला आणि कोल्हापूरच्या मैदानावर पंचांचा नियमभंगाचा पिवळा रुमाल पडला.

"अगं बाई, धरायचं नाही, अडवायचं!" प्रशिक्षक दमयंती मॅडम सीमारेषेवरून ओरडल्या. "ही कबड्डी नव्हे!"

"मला कळतंय हो मॅडम," वृंदा धापा टाकत म्हणाली. "हाताला कोण सांगणार?"

जयसिंगपूरच्या कबड्डी संघात असताना तिच्या पकडीतून सुटलेली खेळाडू विरळाच. अमेरिकन फुटबॉलमध्ये मात्र तीच पकड गुन्हा. समोरचीला उघड्या तळव्यांनी, छातीवर रेटायचं. जर्सी मुठीत धरायची नाही, पाठीत ढकलायचं नाही, मागून गुडघ्यांवर झेपावायचं नाही. पूर्वी गर्दीत चोरून धरलेली जर्सी पंचांना दिसत नसे. यंदा प्रत्येकीच्या हातात संवेदी हातमोजे आले आणि तो आडोसा संपला. बोटांत कापड आवळलं, की मोजा मनगटावरचा दिवा लाल करून लगेच चुगली करायचा.

अंतिम सामन्याचा शेवटचा डाव. कोल्हापूर चार गुणांनी मागे. सायमा मुजावर चेंडू फेकणार. तिच्यापर्यंत कुणाला पोचू न देणं हे वृंदाचं काम. दिवा लाल झाला, तर मिळवलेले गुणही रद्द.

"धर ना ताई पुन्हा!" समोर उभी नागपूरची गार्गी हसली. "तुझ्या दिव्यानं आमची दिवाळी होऊन राहिली."

चेंडू हलला. गार्गी डावीकडे झुकली, गर्रकन फिरली आणि वृंदाच्या खांद्याजवळून निसटू लागली. डोळ्यांसमोर उरली फक्त तिच्या जर्सीची बाही. सगळी जुनी सवय दंडातून खाली धावली. बोटं वळू लागली.

वृंदाने ती उघडली. हातांऐवजी पाय पळवले, गार्गीला पुन्हा समोर घेतलं, दोन्ही तळवे तिच्या छातीवर टेकवले आणि कमरेतून जोर लावला. गार्गी मागे सरकली, आणखी मागे सरकली. सायमाच्या हातून सुटलेला चेंडू उंच गेला आणि मैदानाच्या टोकाच्या गोलपट्टीत कोल्हापूरच्याच खेळाडूने झेलला. सहा गुण!

सगळ्यांची नजर वृंदाच्या मनगटाकडे. दिवा हिरवा!

"जिंकलो गं!" सायमाने तिच्या गळ्यात उडीच मारली. गार्गीनेही येऊन पाठीवर थाप दिली. "मानलं ताई."

जल्लोष चालू असतानाच मोज्यांची तंत्रज्ञ निवेदिता नोंदी दाखवणारा छोटा पडदा घेऊन आली.

"हे बघा. स्नायू आवळण्याआधी त्यात बारीक वीज उमटते. तुमचा हात धरणारच होता." पडद्यावर एक लाट सरळ वर चढली होती आणि अर्ध्यावरच कोसळली होती. "पुढच्या वर्षीपासून ही लाट उठली तरी नियमभंग धरावा, असं समितीच्या मनात आहे. तो नियम आज असता, तर तुमचे गुण गेले असते."

वृंदाने घामेजलेला मोजा काढला. लाटेच्या उतारावरून तिने बोट फिरवलं.

"चढ माझ्या सवयीचा," ती म्हणाली. "पण हा उतार माझा. तो तुमची समिती कशात धरणार?"