तिसऱ्या वळणावरची गोटी

पायाखाली गोटी आली आणि मी पडता पडता वाचले. बालरुग्ण विभागातली सकाळपाळी नुकतीच संपली होती. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

"लागलं तं नाई ना, सिस्टर?" तारांच्या जंजाळामागून एक डोकं वर आलं.

हा रोहणा गावचा रत्नदीप. दवाखान्याने त्याला पोरांच्या प्रतीक्षागृहात गोट्यांचं यंत्र बसवायला बोलावलं होतं. चाक गोटी वर नेणार, मग ती तारेच्या रुळांवरून वळणं घेत, घंटी वाजवत खाली येणार, पुन्हा आपोआप वर. सध्या तरी नुसता पसारा होता.

रोज पाळी संपली की मी समोरच्या बाकावर पाच मिनिटं टेकू लागले. गोटी तिसऱ्या वळणावरून हटकून उडायची... आणि माझ्याच दिशेने यायची.

"तुमी मुद्दाम करून राह्यले का?"

"मी नाई जी. कंच्यालेच अक्कल हाये!" गोटीला तो कंचा म्हणायचा.

निघताना तो म्हणायचा, "उद्या येजा." मी म्हणायचे, "तुमीबी येजा." दोन्हीकडून अगदी आदराने. असे तीन महिने गेले.

काम संपायच्या दिवशी मी सांगून टाकलं, "रविवारी पाव्हणे येऊन राह्यले... मले पाहाले. सातवे."

त्याच्या हातातली पक्कड थांबली. "मंग?"

"मंग काय, हो म्हणून टाकीन. पोरगा कसाबी असो. थकली मी, रत्नदीपजी." खरंच थकले होते. रडूसुद्धा येत नव्हतं.

त्याने बटण दाबलं. गोटी वर गेली, घसरली, तिसऱ्या वळणाशी आली. तिथे त्याने तारेचा एक सपाट तुकडा नव्याने जोडला होता. त्यावर ती इतकी मंदावली, की मला वाटलं — संपलं. मग हळूच कलली, वळण घेतलं, घंटी वाजली.

"तुमाले बाकावर बसलेलं पाहून सुचलं," तो म्हणाला. "थकला म्हणून कंचा कुठंबी पडत नाई. दम घेते, अन् आपल्या रस्त्यानं जाते."

मी पुन्हा वर निघालेल्या गोटीकडे पाहत राहिले.

"अन्... पाहायचंच म्हणता," तो पक्कड पुसत राहिला, "तं मी तीन महिन्यापासून पाहूनच राह्यलो. पोहे कोणी देल्ले नाई, ते सोडा."

त्या दिवशी मी पहिल्यांदा हसले. तिथूनच आईला फोन लावला. "आई, रविवारच्या पाव्हण्यायले नाई सांग... काऊन म्हणजे? थकली म्हणून हो म्हणत होती मी, म्हणून."

बॅग उचलली, दारापर्यंत गेले आणि वळले.

"रविवारी घरी येजो," मी म्हणाले. "पोहे खायले."

इतक्या दिवसांचं आदराचं ‘येजा’ जाऊन जवळिकीचं ‘येजो’ कधी आलं, माझं मलाच कळलं नाही. त्याला मात्र बरोबर कळलं. यंत्रातून काढलेली गोटी त्याच्या हातातून सुटली आणि टपटपत माझ्याच दिशेने आली. या वेळी मी ती परत दिली नाही. उचलून पर्समध्ये टाकली.