दत्तोबाच्या मोटारीतला रेडिओ

तर त्या दिशी मी निरवांगीला गेलो हुतो ते मुहूर्ताचा निरोप द्यायला. साल छप्पन्न. साखरबाई माझी भाची, आईबाप नसलेली, हितं सांगवीला माझ्याच घरात वाढलेली. तिचं दत्तोबाशी ठरलं हुतं. दत्तोबा बिजवर. त्याची पहिली बायको कौसल्या वर्सामागं बाळंतपणात गेली हुती. पर ऊस हुता, विहीर हुती, आणि दारात लढाईच्या आधीची एक मोटार. मला वाटलं, पोरीचं भलं झालं. उद्या तुमी त्याच मोटारीतनं बारामतीला निघालाय म्हणून सांगतोय. न्हायतर त्या माणसाचं नाव मी घेत न्हाय, तोंड घाण हुतं.

दत्तोबा मोटारीतच हुता. उताणा, पाय दाराबाहेर. पुण्याच्या जुन्या बाजारातनं मोटारीत बसवायचा रेडिओ आणला हुता आणि स्वतःच बसवत हुता. पुढचा पत्रा कापून जागा केलेली, बॅटरीची वायर पायाखालनं घेतलेली, मडगार्डला एरियलची काठी लावलेली. हात कसबी, ते मी नाकारत न्हाय. अडलं हुतं फ्यूजपाशी. काचेच्या नळीतली ती बारीक तार रेडिओ लावला की जळायची. तीन जळल्या हुत्या. नवी मिळायची ती बारामतीला, आणि लगीन तर परवावर आलेलं.

रेडिओची एवढी घाई कशाला, असं मी इचारलं. तर म्हणला, मोटार मुकी असली की रात्री करमत न्हाय.

मग गादीवरनं हात फिरवत त्यानं आपणहून सांगितलं. कौसल्येला कळा लागल्या तवा रातोरात ह्याच मोटारीतनं बारामतीला निघाला हुता. मागच्या गादीवर गोणपाट आंथरलं, आणि त्याच्यावरनं हलायचं न्हाय असं तिला बजावलं. वाटंत दोनदा मोटार थांबवली. तिला पाणी द्यायला न्हवं. गोणपाट सरकलं का ते बघायला. दवाखाना यायच्या आधीच ती गेली.

"पर तात्या," म्हणला, "गादीला एक डाग लागू दिला न्हाय मी."

असं म्हणून हसला. कौतुकानं हसला.

मग खिशातनं टाक काढला. बिजवराच्या घरी जाणाऱ्या पोरीच्या गळ्यात पहिलीचा चांदीचा टाक घालतात, म्हणजे गेलेलीचा मान ऱ्हातो. सोनाराकडनं घडवून आणलेला, नाक, डोळं, कपाळावरचं कुंकू, सगळं उठून दिसत हुतं. त्यानं कातर घेतली आणि त्या तोंडावरनं आडवी चालवली. चांदीची पट्टी निघाली. ती जळक्या फ्यूजवर गुंडाळली, जागेवर बसवली. जरा येळानं रेडिओ बोलाया लागला. पुणं केंद्रावर खतांची माहिती चालली हुती.

मी म्हणलो, आरं, ही कौसल्या हाय. तो म्हणला, चांदी हाय, दुसरा करू की. आणि मी मुहूर्त सांगून माघारी आलो. ठरलेलं लगीन कोण मोडतंय? दत्तोबाची किळस येते तशी मला माझीबी येते.

वैशाख वद्य नवमीची रात. लगीन झालं, जेवणं उरकली. वऱ्हाड, पाठराखीण, पोरीची ट्रंक, सगळं त्यानं लॉरीत चढवून दिलं. मोटार घाण हुईल म्हणून. मोटारीत दोघंच. सांगवीतनं निघाली तवा नऊ वाजलं हुतं. पुढलं साखरबाईनं मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं, ते सांगतो.

बारामती मागं पडली. रेडिओवर गाणं चाललं हुतं, दत्तोबा मान डोलवत हुता. दहा वाजायच्या सुमाराला कालव्याचा पूल आला आणि गाणं बारीक हुत गेलं. मग नुसती खरखर. त्यानं बटण फिरवलं. खरखर तशीच. तिच्या मागं कोणतरी दम टाकत हुतं. बाईमाणूस. कण्हत... थांबून थांबून.

साखरबाईनं इचारलं, कोण हाय? तो म्हणला, पुणं केंद्र.

त्यानं रेडिओ बंद केला. झाला न्हाय. मोटार थांबवली. पायाखालची फळी उचलली. बॅटरीची वायर उपटली. इंजिन गेलं. दिवं गेलं. मिट्ट काळोख.

रेडिओचा दिवा तेवढा जळत हुता.

दम... मग काहीच न्हाय... परत दम.

आता तो रेडिओतनं येत न्हवता. मागनं येत हुता. मागच्या गादीवरनं.

"धनी... मी गोणपाटावरच हाय."

...

"सरकलं न्हाय... बघा."

दत्तोबानं मागं बघितलं न्हाय. खिशातनं रुमाल काढला. साखरबाईच्या हातात दिला. आणि हळूच म्हणला,

"मागं हात घालून बघ गं... गादी ओली झाली का."

तिनं दार उघडलं. उतरली. चालाया लागली.

पहाटं आमच्या दारात उभी. पाच-सहा कोस, अनवाणी. वाटंत कोण भेटलं का, तर न्हाय म्हणून मान हलवली. पदर पोटाशी धरून कोपऱ्यात बसून ऱ्हायली.

दुपारी दत्तोबा न्यायला आला. मोटार पुसून आणलेली. पोर बुजली म्हणला, दुसरं काय न्हाय. भावकी जमली. लगीन लागलेली पोर घरात कशी ठेवायची, असं जो तो म्हणायला लागला. मला त्या माणसाचं तोंड बघवत न्हवतं. तरी मीच म्हणलो, जा बाई.

माझी बायको धोंडाबाई रडत रडत सुपात गहू घेऊन आली. सवाष्ण पोरीला ओटी भरून वाटं लावायची.

"पदर पसर," म्हणली.

साखरबाईनं पदर सोडला. ओटी भरलेली हुती.

तांदूळ. हळकुंड. सुपारी. खोबऱ्याची वाटी. आमच्यात गव्हानं भरतात, दत्तोबाच्या घरी तांदळानं. लग्नातली ओटी धोंडाबाईनं स्वतः ट्रंकंत ठेवून लॉरीत दिलेली.

"कुणी भरली गं?"

साखरबाईनं दारातल्या मोटारीकडं बघितलं. दत्तोबानं ते तांदूळ बघितलं. मग मोटारीत जाऊन बसला. परत कवा आला न्हाय.

धोंडाबाईनं सूप खाली ठेवलं. ज्या घरच्या गेलेल्या बाईनं ओटी भरून पाठवणी केली, त्या घरात पोरीला मी कुठल्या तोंडानं परत धाडणार हुतो?

ते तांदूळ आमच्या उतरंडीत हायेत. तीन वर्सं झाली. हात घातला की अजून ओलं लागतं... आणि कोमट.