फाटकाबाहेरचा ओबिएरो

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. असेवे माझी थोरली मावशी. तिच्याच अंगणात मी वाढलो. ते खाकरणं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

१९४७ साल. व्हिक्टोरिया तळ्याकाठचं आमचं गाव.

इंग्रजांच्या फौजेतून ब्रह्मदेशात लढताना गावातले सात जण गेले. प्रेतं आलीच नाहीत. मावशीचा नवरा ओबिएरो त्यातलाच.

प्रेत नसलं की आम्ही लुओ लोक त्याच्या जागी यागोचं फळ पुरतो. हातभर लांब, जड. ज्याचं त्याच्या अंगणात. मग मेलेला माणूस घरी येतो, शांत होतो.

पण मुखिया मागाकला बाजारात स्मारक हवं होतं.

"सातही फळं दगडाखालीच पुरू. एकत्र लढले, एकत्र झोपू देत."

"आणि घर?" असेवेने विचारलं.

"अगं, नवऱ्याचं नाव दगडावर कोरतोय! आता काय तुझ्या कुंपणावरही कोरू?"

लोक हसले. सातही फळं बाजारात दगडाखाली गेली. तिथेच घात झाला.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला ती फाटक लावत होती...

बाहेर कुणीतरी खाकरलं. दोनदा.

ओबिएरो घरी आला की असाच खाकरायचा.

"या ना आत," ती कशीबशी म्हणाली.

कुणी आलं नाही. धुळीत पाऊलही उमटलं नव्हतं. कुत्रा मात्र शेपूट हलवत होता...

मग रोज तेच. फळ अंगणात नाही, तर तो आत येणार कसा? असेवेचं अन्नपाणी तुटलं. ती रोज मागाकच्या दारात जाऊन बसू लागली. शेवटी तो वैतागला.

"ने बाई तुझा नवरा! माझं डोकं नको खाऊस."

दगडाची कड उकरली. सातही फळं निघाली...

सगळी सारखी. खूण कुणीच केली नव्हती.

"यातला माझा कुठला?" असेवे रडकुंडीला आली.

"डोळे मिटून उचल. येईल तुझ्या हाताला," शेजारीण आदोयो म्हणाली. तिचा मुलगाही त्या सातांतलाच.

असेवेने एक उचललं. पोटाशी धरून आणलं आणि घराशेजारी पुरलं.

त्या संध्याकाळी पावलं आत आली. थेट अंगणातून. दारातलं स्टूल सरकलं... करकरलं...

"आलात?" तिला हुंदका फुटला.

आणि तेव्हाच...

फाटकाबाहेर कुणीतरी खाकरलं. दोनदा.

मग स्टुलावर कोण बसलं होतं?

असेवे कुदळ घ्यायला धावली. सोबतीला आलेल्या आदोयोने तिचा हात धरला.

"नको गं. माझा असला तर?"

असेवेच्या हातून कुदळ गळून पडली. तेव्हापासून आदोयो रोज संध्याकाळी त्या स्टुलापाशी येऊन बसायची, आणि असेवे फाटकापाशी. दोघी म्हाताऱ्या होईपर्यंत.

मरताना मावशी मला म्हणाली, "त्या परक्याशेजारी मला पुरू नका रे."

पण गावाच्या लेखी ती कबर ओबिएरोचीच. बायकोची जागा नवऱ्याशेजारी. माझं कुणी ऐकलं नाही. तिथेच पुरलं तिला.

शेवटची माती लोटली...

फाटकाबाहेर कुणीतरी खाकरलं. दोनदा.

आता ते फाटक मी लावतो. "या" म्हणायला तोंड उघडतो, आणि तसंच मिटतो. आत तरी त्याचं कोण उरलंय?