उणे एकशे दहा रुपये

पुष्पप्रदर्शनाच्या पहिल्या सकाळी हौदबागेच्या दारापाशी घासाघीस चालली होती, आणि ती कोणा माणसाशी नव्हे, खुद्द दाराशी चालली होती.

“आपले शुल्क एक हजार चारशे वीस रुपये,” दार म्हणाले. त्याचा आवाज मृदू व समजूतदार होता.

“आणि बूट काढले तर?” रांगेतल्या एका भारदस्त गृहस्थांनी विचारले.

“एक हजार एकशे साठ.”

“मोजेही काढतो.”

“मोज्यांनी फरक पडत नाही.”

“वजन उतरवा म्हणून सहा वर्षं कानीकपाळी ओरडतेय मी,” त्यांच्या पत्नी मागून म्हणाल्या. “आता सरकारी दारानंही सांगितलं.”

“दार सरकारी नाही, विश्वस्त मंडळाचं आहे,” असे म्हणत गृहस्थ बूट हातात घेऊन आत गेले. रांग खळखळून हसली. मात्र रांगेतले तिघे-चौघे आकडा ऐकून मुकाट्याने बाहेरूनच माघारी वळले, तेव्हा कोणी हसले नाही.

शिरवळे गावची हौदबाग सुमारे तीनशे वर्षांची. उतारावर एकाखाली एक असे सात दगडी हौद, त्यांना जोडणारे अरुंद पाट, आणि केवळ पाण्याच्या दाबावर, पंपाशिवाय उडणारी कारंजी, अशी तिची रचना होती. पाटांच्या दोन्ही काठांना बकुळीची जुनी झाडे होती. पूर्वी तिचे तिकीट वीस रुपये होते. सहा वर्षांपूर्वी बागेच्या फरशांखाली केसासारखे बारीक संवेदक बसवण्यात आले. प्रत्येक पावलागणिक दगडाला किती कंप बसतो, चुन्याच्या सांध्यांत किती ओल आहे, याची नोंद ते अहोरात्र करू लागले. या सर्व यंत्रणेला झीजमापक असे नाव होते. वास्तूची जेवढी झीज, तेवढे शुल्क, हे त्यामागचे सूत्र. पहिली दोन वर्षे केवळ नोंदी घेण्यात गेली, तिकीट वीसच राहिले; पुढील चार वर्षे सर्वांना सरसकट सरासरी दर लागला. आजपासून दार प्रत्येकाला स्वतंत्र दर सांगणार होते. नवख्या माणसाचा दर उंबऱ्यावरील चाचणी फरशीवरून ठरे. जो पूर्वी येऊन गेला असेल, त्याला यंत्र चालीवरून ओळखे आणि त्याच्या जुन्या नोंदींवरून हिशेब करी.

ही यंत्रणा मृणाल हुद्दार या तरुण उपकरण अभियंत्रीने उभारली होती. दाराशेजारच्या खोलीत ती पडद्यासमोर बसली होती. तिला गेली दोन वर्षे एक कोडे छळत होते. दर वाढला तसे प्रेक्षक निम्म्यावर आले. मग झीजही निम्म्यावर यायला हवी होती. ती उलट वाढत होती. झीज वाढली की दर वाढे, दर वाढला की माणसे घटत, आणि तरीही पुढच्या तिमाहीत झीज आणखी वाढलेली असे. मंडळाचे सचिव ठोंबरे यांना यात कोडे दिसत नव्हते. “लोक पाय आपटत चालत असतील,” असे म्हणून ते वाढीव दरावर सही करीत.

दहाच्या सुमारास उंबऱ्यापाशी पाच बायका येऊन थांबल्या. सर्वांत पुढे सत्तरीच्या द्वारकाबाई शिंत्रे होत्या. बागेच्या मागच्या विणकर आळीत त्यांचे घर होते. लग्न होऊन आल्यापासून वीस रुपयांच्या काळापर्यंत त्या बकुळीच्या हंगामात दर आठवड्याला इथे येत. गेल्या चार वर्षांत त्या उंबऱ्याच्या आत आल्या नव्हत्या. येत्या रविवारी त्यांच्या नातीचे, शालनचे, डोहाळजेवण होते. आळीची रीत अशी, की पहिलटकरणीला घालायच्या फुलांच्या वाडीत हौदबागेची बकुळ असलीच पाहिजे, आणि तीही झाडावरून तोडलेली नव्हे, आपणहून गळलेली. द्वारकाबाईंना त्यांच्या सासूने ती घातली होती, लेकीला त्यांनी घातली होती. आता नातीची पाळी होती, आणि दारात आकडा उभा होता.

“आपण नुसतं विचारू,” त्या बरोबरच्या कौसल्येला म्हणाल्या. “मी एकटी जाईन. पैसे सगळ्यांनी मिळून आणलेत.”

त्यांनी वहाणा काढून हातात घेतल्या आणि चाचणी फरशीवर पाऊल ठेवले.

दार क्षणभर थांबले. “द्वारका शिंत्रे. नोंदलेल्या भेटी बेचाळीस. आपले शुल्क उणे एकशे दहा रुपये.”

“किती?”

“उणे एकशे दहा.”

“अगं बाई, मागची बाकी काढली वाटतं,” द्वारकाबाई पुटपुटल्या.

“चालण्यावरनं ओळखलं तुला?” कौसल्या म्हणाली. “माझा नवरा चाळीस वर्षांत एकदा ओळखेल तर शपथ!” असे म्हणत तीही फरशीवर चढली. तिचा आकडा उणे नव्वद निघाला. उरलेल्या तिघींचेही उणेच निघाले. रांगेत कुजबुज वाढली. रांगेतला एक जण मोठ्याने म्हणाला, “म्हणजे यांना दारानेच पैसे द्यायचे? आणि आम्ही चौदाशे मोजायचे?”

ठोंबरे तावातावाने खोलीत शिरले. “हुद्दार, हे काय चाललंय? झीज उणे कशी असेल?”

मृणालचा चेहरा उतरला. चूक तिची होती, आणि ती तिला तत्काळ कळली होती. दराची किमान मर्यादा भरायचा एक रकाना होता. आराखडा करताना वरिष्ठांनी विचारले होते, “इथे शून्य लिहायचं का?” तिने उत्तर दिले होते, “सर, दगड कोणाच्या चालण्याने नवा होत नाही. मर्यादा लागणारच नाही.” रकाना कोराच राहिला होता.

“मर्यादा घाला आत्ताच्या आत्ता,” ठोंबरे म्हणाले. “ज्यांचा दर उणे निघेल, त्यांना सरसकट दर लावा. चौदाशे. भरत असतील तर आत, नाहीतर परत.”

मृणालने बोटे कळांवर ठेवली, आणि उचलली. “सर, नोंदी बेचाळीस आहेत. एक-दोन असत्या तर यंत्राची चूक म्हटलं असतं. बेचाळीसच्या बेचाळीस वेळा या बाई येऊन गेल्यावर त्या भागातली ओल कमी झालेली आहे. मला एक तास द्या. त्यांना आत सोडू, आणि मी मागून बघते.”

“आणि रांग?”

“रांगेला सांगा, यंत्राची तपासणी चालू आहे. ते खोटं नाही.”

ठोंबऱ्यांनी घड्याळ पाहिले. “अकरापर्यंत. त्यानंतर मर्यादा.”

मृणाल हातात मावणारा पडदा घेऊन बाहेर आली. “मावशी, या आत. आज काही भरायचं नाही. फक्त तुम्ही पूर्वी जे करत होतात तेच करा.”

“आम्ही काय करणार गं? फुलं वेचणार,” द्वारकाबाई म्हणाल्या. “ती वेचायला मनाई आहे का आता?”

“नाही. वेचा.”

पाचही जणी मांडवांतल्या गुलाबांकडे ढुंकूनही न पाहता थेट तिसऱ्या हौदाकडे गेल्या. जाताना फरशा पायांखाली किंचित डुगडुगल्या. “हे असं नव्हतं हो,” कौसल्या म्हणाली. हौदातले मोठे कारंजे दोन वर्षांपासून कोरडे होते. प्रदर्शनापुरत्या त्याच्या तोंडात शोभेच्या कुंड्या मांडल्या होत्या. पाटात पाणी होते, पण हलत नव्हते. त्यावर तपकिरी फुलांचा थर साचला होता.

बायका काठावर बसल्या आणि गप्पांबरोबर हात चालू झाले. कोरडी ताजी फुले पदरात जात होती. पाण्यावरची भिजलेली मूठमुठीने उचलून त्या झाडांच्या बुंध्याशी टाकत होत्या. पाटाच्या तोंडाशी असलेल्या दगडी जाळीत कोणी ना कोणी बोट घालून अडकलेला लगदा ओढून काढी, तेही शालनच्या सासरच्यांविषयी बोलताना, हाताकडे न बघता.

“मावशी, ती जाळी का साफ करता?” मृणालने विचारले.

“साफ कुठं करतेय? फुलं तिथंच अडकतात. ओली काढल्याशिवाय मागची सुकी हाताला येत नाहीत.”

मग द्वारकाबाई उठून तिसऱ्या बकुळीच्या मागे गेल्या. तिथे एका सैल चिऱ्याखाली त्यांनी कोपरापर्यंत हात घातला.

“तिथे काही नाही,” मृणाल नकाशा पाहत म्हणाली. “आराखड्यात मोऱ्या सहाच आहेत.”

“माझ्या सासूबाईंची जागा ही. पाणी ओढ घेतं ना इथं, त्यामुळं सगळ्यांत जास्त फुलं इथंच जमतात. त्या इथं दुसऱ्या कोणाला बसू देत नसत.” त्यांनी दात-ओठ खात हात मागे घेतला. मुठीत काळ्या चिखलाचा, पानांचा आणि चार वर्षांच्या बकुळीचा गोळा होता. आतून गुरगुर झाली, आणि पाटातले पाणी हलले.

मृणालच्या हातातील पडद्यावर ओलीचा आकडा पाऊण तासात प्रथमच खाली सरकला. आणि मग सगळे कोडे तिच्यासमोर उलगडत गेले. फुले वेचणाऱ्या बायका वाढत्या दरामुळे यायच्या बंद झाल्या. पाट तुंबले. पाणी चुन्याच्या सांध्यांत मुरले आणि फरशा सैल झाल्या. सैल फरशीवर तेच पाऊल पडले तरी कंप दुप्पट बसतो. यंत्र तो कंप प्रेक्षकाच्या नावे लिहीत होते. शहाण्यासारखी दिसणारी ती यंत्रणा गेली चार वर्षे माणसांकडून ओलीचे पैसे घेत होती, आणि ज्यांच्या हातांनी ओल हटत होती त्यांनाच त्या पैशांसाठी बाहेर ठेवत होती.

अकराला पाच मिनिटे कमी असताना तिसऱ्या हौदाचे कारंजे खोकले. एक कुंडी कलंडली. पाण्याची वीतभर धार उठली, बसली, पुन्हा उठली आणि हातभर उंच झाली. शोभेच्या दुसऱ्या कुंडीसह ती सचिव ठोंबऱ्यांच्या धोतरावर उडाली. ते नेमके त्याच वेळी मुदत संपल्याचे सांगायला येत होते.

“पंप कोणी लावला?” त्यांनी धोतर झटकत विचारले.

“पंप नाही, सर. मावशींच्या सासूबाई,” मृणाल म्हणाली, आणि तिने त्यांना सर्व आकडे क्रमाने दाखवले. ठोंबरे हिशेबाचे पक्के होते. त्यांनी प्रत्येक आकडा दोनदा पाहिला. मग ते मृणालकडे वळले.

“ओल पूर्ण उतरली, तर दर किती होईल?”

“फरशा बसायला एक पावसाळा जाईल. त्यानंतर बहुधा साठ-सत्तर रुपये. सगळ्यांनाच.”

“बुटांसह?”

“बुटांसह.”

ठोंबरे प्रथमच हसले. “मर्यादा घालू नका. रकाना कोराच असू द्या.” मग द्वारकाबाईंकडे वळून ते अदबीने म्हणाले, “बाई, दार तुम्हाला एकशे दहा रुपये देणं लागतं. पाचही जणींना मिळतील. दर खेपेला मिळतील. आळीतल्या आणखी बायका आणा. मंडळ ठराव करील.”

कौसल्येचे डोळे चमकले. “दर खेपेला?”

द्वारकाबाईंनी पदराची गाठ बांधली. वाडीपुरती फुले झाली होती. शालनची वेणी, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळे निघाले असते. त्यांच्या सुरकुतलेल्या हातांना बकुळीचा आणि चिखलाचा असा मिसळलेला वास येत होता. त्या मृणालकडे वळल्या.

“आम्हाला दार उघडं राहिलं, यात सगळं आलं, पोरी. पैशाचं मात्र जरा विचार करून ठरवा. आम्ही फुलांच्या नादानं येतो, म्हणून हात आपसूक त्या भोकात जातो. उद्या आम्ही पैशासाठी यायला लागलो, एकीनं दुसरीच्या आधी जाळी गाठायची, फुलं राहिली बाजूला, असं झालं, तर तुझं यंत्र काय दाखवील गं तेव्हा?”

मृणालने पडद्याकडे पाहिले. ओल, कंप, वजन, चाल, वेळ, सर्वांसाठी रकाने होते. मागे कारंज्याची धार आणखी एक वीत चढली. बाहेरच्या रांगेला दार थोडे उतरलेले दर सांगू लागले होते आणि लोक आनंदाने ओरडत होते. ती मात्र हातातील लेखणी तशीच धरून विचार करीत राहिली: या प्रश्नासाठी रकाना कुठे आखायचा, आणि त्यात काय मोजायचे?